ओरडा खाण्याचा मान

दिनकरअण्णा ऐतवडे यांनी एकोणतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली होती. उसाची ट्रॉली काट्यावर चढायच्या आधीच ते नुसत्या नजरेनं सांगायचे, "अकरा टन, वर दोन-चार मोळ्या." मग काटाही बिचारा निमूटपणे तोच आकडा दाखवायचा. निवृत्त झाल्यावर अण्णांनी ही नजर वारणाकाठच्या ऐनवाडीत, उदयगिरी क्रीडा मंडळाच्या खो-खोच्या मैदानावर कामाला लावली. नवी मुलगी आली की ते आठ दिवस तिच्याकडे फक्त बघत. नवव्या दिवशी निकाल लागे. पोरीत काहीतरी आहे असं त्यांना वाटलं, तर तिला पहिला ओरडा बसे.

"ए भोपळ्या! खो मिळाल्यावर उठायला काय पत्रिका छापू का तुझ्यासाठी?"

त्या दिवशी त्या पोरीच्या घरी शिरा व्हायचा. आई मुद्दाम शेजारणीच्या दारात जाऊन सांगायची, "आज अण्णा आमच्या ईशूला म्हस म्हणालं बरं का!" आणि जिच्या मुलीला पंधरा दिवसांत साधं वांगंसुद्धा म्हटलेलं नाही, ती शेजारीण तोंड वाकडं करून भांडी घासायला बसायची.

ज्या मुलीत काही नाही असं अण्णांना वाटे, तिच्याशी ते फार गोड बोलत. "छान हं बाळ. दमलीस का? जा, सावलीत बस." अशी 'बाळ' झालेली मुलगी महिन्याभरात आपण होऊनच यायची बंद व्हायची. त्यामुळे ऐनवाडीत अण्णांच्या शिव्यांना कुणी भीत नसे. लोक भीत ते त्यांच्या गोड बोलण्याला. या पद्धतीनं मंडळानं जिल्ह्याला सतरा खेळाडू दिले होते, तेव्हा तिच्यात काही खोट असेल असा विचार कुणाच्या, निदान अण्णांच्या तरी, मनाला शिवला नव्हता.

दोन हजार एकेचाळीस सालच्या दिवाळीनंतर डॉ. मृणाल धारप पुण्याहून उमेदपट्ट्यांची पेटी घेऊन आल्या आणि सगळंच बिनसलं.

धारपबाई तिशीच्या, पायात धावायचे बूट, बोलणं घाईचं पण माणूस सरळ. राज्याच्या निवड समितीनं त्यांना पाठवलं होतं. मैदानाच्या कट्ट्यावर पालकांना बसवून त्यांनी समजावून सांगितलं.

"आपल्या हातून चूक झाली की मेंदूत दोन लाटा उठतात. पहिली उठते ती पापणी लवायच्या आत. ती फक्त म्हणते, 'चुकलं.' ती सगळ्यांची जवळपास सारखीच असते. पाव सेकंदानं दुसरी येते, आणि ती मात्र माणसागणिक वेगळी. मेहनतीनं खेळ वाढतो असं ज्या मुलीला मनातून वाटतं, तिचा मेंदू चुकीकडे वळून बघतो. कुठं चुकलं, आता काय करू? तिची दुसरी लाट उंच असते. आणि आपण मुळातच अशा, देवानं दिलं तेवढंच, असं जिला वाटतं, तिचा मेंदू चुकीवरून नजर काढून घेतो. लाट बसते. अशी मुलगी शिकत नाही. तिला अक्कल नसते म्हणून नव्हे. ती चुकीकडे बघतच नाही म्हणून."

ही दुसरी लाट मोजायची पट्टी केसांच्या रिबिनीखाली बसत असे. खांद्यावर बोराएवढा दिवा. लाट उंच असली की निळा, बसली की नारिंगी. सहा आठवड्यांनी एक सामना होणार होता. त्या सामन्यात संघाचा सरासरी उमेदांक, म्हणजे लाटेच्या उंचीचा आकडा, पन्नासच्या वर गेला, तर मुली राज्याच्या निवडचाचणीला जाणार. नाही गेला तर वर्ष फुकट.

"आणि अण्णा, दिवसभर आपण मुलींना काय बोलतो त्यानंच ही लाट घडते," बाई म्हणाल्या. "म्हणून मैदानाच्या चारी कोपऱ्यांत यंत्राचे कान बसवलेत. ते फक्त तुमचा आवाज ओळखतात. एकशे बारा शब्द निषिद्ध आहेत. पहिला आठवडा नेहमीसारखं बोला, तेव्हा दिवे बंद राहतील, आम्ही नुसती नोंद घेऊ. त्यानंतर तीन वेळा निषिद्ध शब्द गेला, तर शिट्टी काढून घेतली जाईल. पुढचा अख्खा हंगाम मैदानात पाऊल ठेवता येणार नाही."

अण्णांनी यादी वाचली. भोपळा, वांगं, भेंडी, म्हैस, ठोंब्या, पेंगूळ. निम्मी यादी म्हणजे त्यांचा शब्दसंग्रह होता.

"ह्यात मी बोलायचं काय?" त्यांनी विचारलं.

बाईंनी एक वाक्यपुस्तिका हातात ठेवली.

अण्णा तसे शिस्तीचे. पाठांतराला त्यांनी घरापासूनच सुरुवात केली. जेवताना त्यांनी आमटीचा भुरका मारला, डोळे मिटले आणि पान तीनवरचं वाक्य म्हटलं, "तुम्हाला हे अजून जमलेलं नाही, पण तुमचे प्रयत्न मला दिसत आहेत."

शालनकाकींनी पळी खाली ठेवली. "एक्केचाळीस वर्सं झाली लग्नाला. आमटी खारट झालीया म्हणायला जीभ झडती व्हय? आणि ही 'तुम्हाला' कोण? मागं कोण उभं हाय का माझ्या?" मग त्यांनी उठून नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. त्यामुळे तर त्यांना जास्तच काळजी वाटली.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी दिवे लागले. राजनंदिनी लोखंडे ही मंडळाची सगळ्यात तेज मुलगी. तिला पाच वर्षांत अख्खी भाजीमंडई ऐकायला मिळाली होती. पळती गडीण तिच्या हाताखालून निसटली आणि ओरडा झेलायला तिनं सवयीनं मान खाली घातली.

"राजनंदिनी," अण्णा म्हणाले, "तुम्हाला हे अजून जमलेलं नाही, पण तुमचे प्रयत्न मला दिसत आहेत."

नंदीनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. तिच्या खांद्यावरचा दिवा एकदा लुकलुकला आणि नारिंगी झाला. पुढच्या अर्ध्या तासात अण्णांनी पुस्तिकेतली नऊ वाक्यं वापरली, आणि मैदानभर दसऱ्याच्या बाजारात झेंडू मांडावा तसे नारिंगी दिवे लागले. कुणी खो द्यायला विसरलं, कुणी उठायला. ईशू तर चौरसात बसल्या बसल्या रडायला लागली.

संध्याकाळी नंदीची आई लेकीला घेऊन अण्णांच्या दारात उभी. "अण्णा, पोरीचं काय चुकलं सांगा. वाटंल तेवढं बोला तिला. पण अशी टाकू नगासा. 'तुम्ही' म्हणालासा म्हणं तिला!"

"मी उद्यापासून येत न्हाई," नंदी हुंदके देत म्हणाली. "मी शिवणकाम शिकतो."

अण्णांनी परोपरीनं सांगितलं की हा सरकारी नियम आहे. नंदीला ते पटलं, पण तिच्या मेंदूला काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशीही दिवा नारिंगीच.

बरं, शब्द जपून वापरले तर तेही धड होईना. बुधवारी पाटलांची म्हैस दावं तोडून थेट मैदानात घुसली, आणि मुलींना सावध करायला अण्णा ओरडले, "ए, म्हस आली, म्हस!" कोपऱ्यातल्या कानानं टुंग केलं. एक शब्द गेला. शुक्रवारी शालनकाकींचा फोन आला, भाजी काय करू म्हणून. "वांगं कर," अण्णा म्हणाले. टुंग. बाईंनी पुण्याला कळवून बघितलं, पण यंत्राला खरं वांगं आणि म्हणायचं वांगं यातला फरक शिकवलेला नव्हता. आता एकच शब्द शिल्लक होता. अण्णा मैदानावर येताना ओठ इतके घट्ट मिटून येत, की बघणाऱ्याला वाटावं तोंडात तंबाखू आहे.

तिसऱ्या आठवड्यात धारपबाई कट्ट्यावर अण्णांच्या शेजारी येऊन बसल्या. हातात आलेखांचा कागद आणि कपाळावर आठ्या.

"अण्णा, मी अठ्ठावीस संघ बघितले. गोड बोलायला लागलं की दिवे निळे होतात. तुमच्याकडे उलटं. बारातल्या अकरा मुली नारिंगी. एकच निळी, तीही रोज. ही अन्विता कुंभार कोण?"

"ती व्हय?" अण्णा सहज म्हणाले. "ती बाळ हाय."

"म्हणजे?"

अण्णांनी त्यांना आठ दिवसांची पद्धत, पहिला ओरडा, बाळ, सगळं समजावलं. अन्विता तीन वर्षांपूर्वी बाळ ठरली होती. बाकीची बाळं पांगली, ही तेवढी कशी कोण जाणे, चिकटून राहिली. राखीव म्हणून बसायची, पाण्याच्या बाटल्या भरायची, आणि तिघी गैरहजर असल्या तरच चौरसात यायची.

बाईंनी पहिल्या आठवड्याची, दिवे बंद असतानाची नोंद काढली. "हे बघा. तुम्ही मनसोक्त ओरडत होता तेव्हा अकराजणींच्या लाटा उंच आहेत. अन्विताशी त्या आठवड्यात तुम्ही चौदा वेळा बोललात. चौदाही वेळा 'छान बाळ'. आणि चौदाही वेळा तिची लाट बसलीय."

"पण मी तिला कधी वाकडा शब्द बोललो न्हाई वो!"

"तेच तर. मेंदू शब्दाच्या आत हात घालून एकच गोष्ट चाचपतो. ह्या माणसाला माझ्याकडून पुढं काही हवंय का? तुमच्या भोपळ्यात ते होतं. तुमच्या 'छान'मध्ये नव्हतं. आता तुम्ही सगळ्यांशीच गोड बोलता, म्हणजे नंदीला वाटतं आपण संपलो. आणि अन्विताला तीन वर्षांत पहिल्यांदा वाटतंय, की आपणही त्यांच्यातल्याच."

"माझी नजर चुकत न्हाई बाई," अण्णा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "एकोणतीस वर्सं काट्यावर..."

"काट्यावर उभ्या ट्रॉलीतला ऊस वाढत नाही, अण्णा. ही वाढणारी पोरं आहेत. तुम्ही तिला आठ दिवसांत तोललंत, आणि तोच आकडा तीन वर्षं चालवलात."

अण्णांना त्या बाईचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी ते सकाळी लवकर मैदानावर आले. पाण्याच्या टाकीमागून आवाज येत होता, आणि तो ऐकून अण्णा जागच्या जागी थबकले, कारण तो आवाज त्यांचाच होता.

"ए वाळल्या भेंडे! सूर मारतीयास का पोतं टाकतीयास? पाय आधी, मग हात! ऊठ! पुन्यांदा!"

टाकीच्या कडेनं त्यांनी हळूच डोकावलं. अन्विता एकटीच होती. जुन्या खांबाला धरून सूर मारत होती, मातीत आपटत होती, आणि उठून स्वतःलाच अण्णांच्या आवाजात शिव्या घालत होती. नक्कल इतकी हुबेहूब, की शेवटी घशात होणारी खरखरसुद्धा तिनं सोडली नव्हती. ज्या पोरीला तीन वर्षांत कुणी ओरडलं नाही, तिनं ओरडायचं कामही स्वतःच उरकून घेतलं होतं.

अण्णांना शरम वाटली. म्हातारपणी माणूस चुकला की लोक वयाकडे बघून सोडून देतात, पण त्यांचं त्यांना सोडवेना. पुढं होऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं. पण ठेवून म्हणणार काय, 'छान बाळ'? ते आल्या पावली मागं फिरले.

त्या दिवसापासून त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवली आणि धारपबाईंच्या सल्ल्यानं वेगळंच सुरू केलं. शिवी नाही, स्तुती नाही, नुसतं काय हवं ते नेमकं सांगायचं. "ईशू, खांद्याकडं न्हाई, कमरंकडं बघ पळणारीच्या." "नंदे, दोन पावलं आधी वळ." आणि अन्विताला त्यांनी खांबाजवळच्या चौरसात बसवलं, जिथं सूर मारावाच लागतो. नंदीनं भुवया उंचावल्या. दिवे थोडे थोडे निवळू लागले. सरासरी एकतीसवरून चव्वेचाळीसवर आली आणि तिथंच अडकली. शिव्यांवर पोसलेल्या पोरींना नुसत्या सूचना म्हणजे दवाखान्यातलं जेवण वाटत होतं. सवय व्हायला वर्ष लागलं असतं, आणि सामना तर रविवारी होता.

सामन्याला शेजारच्या शिगाव रस्त्यावरचा संघ आला. त्यांचे सर इतकं मऊ बोलत, की पंचांनाही त्यांच्यासमोर शिट्टी जोरात फुंकायला संकोच वाटत होता. त्यांच्या मुलींचे दिवे निळे, फलकावर उमेदांक एकसष्ट. उदयगिरीचा चव्वेचाळीस.

शेवटच्या आक्रमणाची तीन मिनिटं उरली. नंदीनं पळत्या मुलीला खांबाकडे दाबलं आणि ओरडली, "खो!" अन्विता उठली, झेपावली, हवेत आडवी झाली आणि धाडदिशी मातीत पडली. पळणारी वीतभर अंतरानं निसटली. गावाच्या तोंडून "अरेरे" निघालं.

अन्विता उठली. तोंडभर माती. तिनं अण्णांकडे बघितलं. खांद्यावरचा दिवा लुकलुकायला लागला होता, पुढं काय येणार हे त्याला ठाऊकच असावं. नंदीनंही अण्णांकडे बघितलं, ईशूनंही. आता ते म्हणणार, छान बाळ. सावलीत बस.

अण्णांच्या गळ्यात शिट्टी होती. नुसती सूचना दिली असती तर शिट्टी गळ्यातच राहिली असती. धारपबाईंनी दुरूनच मान हलवली, नको म्हणून. या मैदानाशिवाय अण्णांच्या दिवसात दुसरं काही नव्हतं. सकाळी उठायचं ते त्यासाठी आणि संध्याकाळी पाय दुखायचे तेही त्याच्यामुळे.

"अन्विते!" असा आवाज आला, की पाटलांची म्हैस गोठ्यात दचकली. "ए वाळल्या भेंडे! खांब काय मिठी मारायला पुरलाय? डावा पाय कशाला टाकलास? उजवा टाक, उजवा! तुला येतंय ते! तुला येतंय हे काय सगळ्या गावाला मी ओरडून सांगू? जा, मर पुन्यांदा!"

टुंग.

क्षणभर काहीच झालं नाही. मग अन्विताचा दिवा निळा झाला, आणि साधा निळा नव्हे, चांगला गॅसच्या शेगडीसारखा. नंदी मोठ्यांदा हसली. ती हसली तशी ईशू हसली, आणि अण्णांचा खरा आवाज महिन्यानं कानावर पडला म्हणून अकराही दिवे एकापाठोपाठ एक निळे होत गेले. धारपबाई आलेखाकडे बघायचं विसरून मैदानाकडे बघत राहिल्या. पुढच्या खो-ला अन्वितानं उजवा पाय टाकला आणि पळणारीची पाठ हाताला लागली. त्यानंतर आणखी एक.

सामना एका गुणानं हातचा गेला. उमेदांक त्रेपन्न आला. मुली निवडचाचणीला जाणार होत्या.

गलका चालू असतानाच अण्णांनी गळ्यातली शिट्टी काढून धारपबाईंच्या हातात दिली.

"मी अहवालात सगळं लिहिणार आहे," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "शब्दांची यादी करून भागत नाही, हे लिहीन. पण हेही लिहीन अण्णा, की जी पोरगी भेंडी म्हटल्यावर पेटते तिच्याशेजारी 'छान बाळ' ऐकत बसलेली दुसरी विझू शकते, आणि तुम्ही ते तीन वर्षं बघितलं नव्हतं."

"लिवा," अण्णा म्हणाले. "खरंच हाय ते."

एवढं बोलून ते फाटकाकडे निघाले. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. चांगलंच वाईट वाटत होतं. फाटकाच्या बाहेर त्यांनी पाऊल टाकलं आणि मागून अन्विता धावत आली.

"कुठं निघालासा?"

"घरी. मला आता हंगामभर मैदानात..."

"मैदानात न्हाई म्हणाल्यात त्या. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसायला कुणी न्हाई म्हणलंय?" तिचा आवाज चढला होता. अंगावरची माती तशीच होती. "तीन वर्सं! तीन वर्सं मला सावलीत बसिवलासा. बाटल्या भरून घेतलासा. आज कुठं डोळं उघडलं तुमचं, आणि आजच घर आठवलं व्हय? निस्ता भोपळा हायसा अण्णा तुम्ही! उद्या सकाळी सहाला यायचं. कट्ट्यावर बसायचं आणि माझा पाय कुठं पडतोय ते बघायचं. तोंड उघडायचं न्हाई. चुकलं की हात वर करायचा. कळलं का?"

अण्णांना आजवर कुणी ओरडलं नव्हतं. ना कारखान्याचे चेअरमन, ना खुद्द शालनकाकी. तशा काकी ओरडत, पण त्यात आशा नसे, म्हणून तो ओरडा धरायचा नाही. नंदीनं घाबरून अन्विताचा हात ओढला.

अण्णा मात्र तिच्याकडे बघतच राहिले. ऐनवाडीत माणूस कुणावर ओरडतो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? अडुसष्टाव्या वर्षी कुणाला तरी त्यांच्याकडून अजून काही हवं होतं.

"साडेपाचलाच आलो तर?" त्यांनी विचारलं.

"सहा म्हणलं की सहा," अन्विता म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले.